अकरा हजार लोकांचं सरकार: नाऊरूचा निधी बुडाला, तुवालूचा टिकला, नेमकं कशामुळे?

वेळूवन

लोकसंख्या कमी म्हणजे कारभार सोपा, असं आपण सर्रास धरून चालतो. पॅसिफिक महासागरातले तुवालू आणि नाऊरू पाहिले की हे गणित विसकटतं. तुवालू म्हणजे नऊ बेटं मिळून २६ चौरस किलोमीटर जमीन आणि साधारण अकरा हजार माणसं. नाऊरू एकच बेट, २१ चौरस किलोमीटर, माणसं बारा हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीला एक नगरपंचायत मिळते. तिथे तेवढ्याच माणसांतून संसद, न्यायालयं, अर्थखातं, परराष्ट्रखातं, बँक, जहाजं आणि संयुक्त राष्ट्रांतला राजदूत उभा करायचा असतो.

माझे प्रश्न असे. नाऊरूकडे फॉस्फेट (खतासाठी लागणारं खनिज) होतं, तुवालूकडे विकण्यासारखं जवळपास काहीच नव्हतं. तरी नाऊरूचा राष्ट्रीय निधी संपला आणि तुवालूचा वाढत गेला. याला भ्रष्टाचार एवढं एकच उत्तर पुरेसं आहे का? दुसरं, जिथे पक्षच नाहीत आणि खासदार जेमतेम दीड डझन, तिथे सरकार टिकतं कसं? आणि तिसरं, सगळेच एकमेकांचे नातेवाईक असताना हिशेब तपासतो कोण?

पाठ्यपुस्तकातली 'सुशासनाची तत्त्वं' नकोत. यंत्रणा कशी चालते आणि कुठे अडते, ते कुणी नीट सांगितलं तर हवं आहे.

जमाखर्च

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण तो मोठा आहे. भ्रष्टाचार होता, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. पैसा बाहेर काढायचं दार कुणाच्या हातात होतं, ते पाहा.

नाऊरू ३१ जानेवारी १९६८ ला स्वतंत्र झाला. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि न्यूझीलंड यांच्या मालकीच्या ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्सकडून त्यांनी खाणीची मालमत्ता २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतली आणि १९७० पासून खाण स्वतः चालवली. खाण संपणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून उत्पन्नाचा भाग फॉस्फेट रॉयल्टी ट्रस्टमध्ये जात होता. कल्पना उत्तम होती. ऐन भरात या ट्रस्टची किंमत एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर होती. मेलबर्नमधली ५२ मजली 'नाऊरू हाऊस' ही इमारत १९७७ मध्ये त्याच पैशातून उभी राहिली.

मग काय बिघडलं? तीन गोष्टी एकमेकांत अडकल्या. एक, गुंतवणूक मुख्यतः इमारती, हॉटेलं आणि अवघड प्रकल्पांत होती. लंडनमधल्या एका संगीत नाटकातही पैसा घातला गेला. इमारत सहज मोडून पैसे करता येत नाहीत, पण तिच्यावर कर्ज मात्र लगेच मिळतं. दोन, ट्रस्टचे विश्वस्त आणि पैसे मागणारे मंत्री एकाच छोट्या राजकीय वर्तुळातले. अंदाजपत्रकातली तूट भरायला ट्रस्टची मालमत्ता तारण पडत गेली. वर सरकारची स्वतःची विमानसेवा, तीही लोकसंख्येच्या मानाने कितीतरी मोठ्या जेट ताफ्याची. तीन, लोकांकडून आयकरच नव्हता. तिथला रोजगार कर २०१४ मध्ये आला. कर नाही म्हणजे करदात्याचा हिशेब मागण्याचा हक्क आणि सवय दोन्ही नाहीत.

शेवट फार वेगाने झाला. कर्जं एकत्र करून जीई कॅपिटल या अमेरिकन वित्तसंस्थेकडे मालमत्ता तारण ठेवल्या होत्या. हप्ते थकले, २००४ मध्ये त्या मालमत्तांवर प्रशासक नेमले गेले आणि नाऊरू हाऊस विकलं गेलं. २००५ च्या डिसेंबरात देशाचं उरलेलं एकमेव विमान जप्त झालं. बँक ऑफ नाऊरू त्याआधीच दिवाळखोर होती, लोकांच्या ठेवी अडकल्या आणि २०१५ मध्ये एका ऑस्ट्रेलियन बँकेचं केंद्र उघडेपर्यंत तो देश रोख नोटांवर चालला. पगार रोख, बचत घरात. राष्ट्रीय निधी बुडाला की नुकसान भविष्यातल्या पिढीचं होतं असं म्हणतात. इथे ते त्याच पिढीचं, त्याच दशकात झालं.

आता तुवालू. हा देश १ ऑक्टोबर १९७८ ला स्वतंत्र झाला आणि सुरुवातीलाच ठेच लागली: तुटपुंज्या राखीव रकमेतले पाच लाखांहून अधिक डॉलर टेक्सासमधल्या जमिनी विकणाऱ्या एका अमेरिकन व्यापाऱ्याच्या हवाली केले गेले. त्यावरून गदारोळ झाला आणि १९८१ च्या निवडणुकीनंतर पंतप्रधान तोआरिपी लाउती यांचं पद गेलं. दर वर्षीची तूट ब्रिटन भरत असे. दर वर्षी हात पसरण्याऐवजी एकदाच भांडवल द्या, असा प्रस्ताव तुवालूने मांडला आणि १९८७ मध्ये तुवालू ट्रस्ट फंड उभा राहिला. सुरुवातीची रक्कम २ कोटी ७१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. त्यात ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांचे प्रत्येकी ८० ते ८५ लाख, तुवालूचे स्वतःचे १६ लाख, शिवाय जपान आणि दक्षिण कोरियाचा थोडा वाटा.

हा निधी तुवालूच्या साध्या कायद्याने उभा राहिलेला नाही, आंतरराष्ट्रीय कराराने राहिलेला आहे. त्यामुळे संसदेत बहुमत आलं म्हणून नियम बदलता येत नाहीत, करारातल्या बाकी देशांची सही लागते. संचालक मंडळाचं अध्यक्षपद तुवालूकडे, पण बाकी संचालक बाहेरच्या देशांचे. गुंतवणूक व्यावसायिक व्यवस्थापक करतात आणि एक स्वतंत्र सल्लागार समिती देशाच्या अर्थव्यवस्थेवर सरकारला अहवाल देते.

पैसा सुटतो कसा, ते उदाहरणाने सांगतो. दोन खाती आहेत, अ आणि ब. अ खात्यात मुद्दल. त्याचं 'राखायचं मूल्य' दर वर्षी ऑस्ट्रेलियाच्या महागाई निर्देशांकाने वाढवतात. समजा राखायचं मूल्य १०० होतं आणि महागाई ३ टक्के, तर नवा उंबरठा १०३. वर्षअखेर निधीची बाजारातली किंमत १०८ भरली, तर वरचे ५ ब खात्यात जातात आणि सरकार फक्त ब खात्यातून खर्च करू शकतं. किंमत १०१ भरली, तर सुटणारी रक्कम शून्य. पुढच्या वर्षी उंबरठा पुन्हा महागाईने वर सरकतो, म्हणजे मागची तूट आणि नवी महागाई दोन्ही भरून निघाल्याशिवाय दार उघडत नाही.

याची दुखरी बाजूही आहे. २००० नंतरच्या बाजारातल्या पडझडीत अ खात्यातून सलग काही वर्षं काहीच सुटलं नाही आणि सरकार ब खात्यातल्या साठ्यावर जगलं. म्हणून अ खात्याच्या राखायच्या मूल्याच्या किमान १६ टक्के शिल्लक ब खात्यात ठेवायची असं लक्ष्य धरतात. याच्या उलटा धोका चांगल्या वर्षांत असतो. एकरकमी मोठी रक्कम आली की त्यातून कायमची पदं आणि पगारवाढ मंजूर होते. रक्कम एका वर्षाची, पगार तीस वर्षांचा. माझ्या मते तुवालूच्या अंदाजपत्रकात सगळ्यात काळजीने पाहायची जागा हीच आहे.

नाऊरूनेही धडा घेतला. २०१५ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि तैवान यांच्यासह नवा आंतरपिढी निधी सुरू केला. त्यातही बाहेरचे दाते व्यवस्थेत बसवले आहेत आणि सुरुवातीची साधारण दोन दशकं पैसे काढायचे नाहीत. २०२४ च्या जानेवारीत नाऊरूने तैवानशी संबंध तोडून चीनशी जोडले, म्हणजे परराष्ट्र धोरणातला एक निर्णय थेट निधीच्या संस्थापक दात्यांच्या यादीला येऊन भिडला. बाहेरचा पहारेकरी नेमला की त्याच्याशी असलेलं नातंही सांभाळावं लागतं.

सभागृह

जमाखर्च यांचा वरचा प्रतिसाद पटला. दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं.

तुवालूच्या संसदेत १६ जागा, आठ मतदारसंघ, प्रत्येकी दोन खासदार. पक्ष नाहीत. मतदार आपल्या बेटाचा माणूस निवडतो आणि निकालानंतर गट जमतात. पंतप्रधान आणि सात मंत्री केले की अर्धी संसद सरकारात. एक सभापती वजा जाता प्रश्न विचारायला, लोकलेखा समिती चालवायला आणि विधेयकं वाचायला उरतात सात जण. त्यातल्या दोघांना मंत्रिपदाची आशा असेल, तर सरकारवर नजर ठेवणारं खरं संख्याबळ पाच. एकाने बाजू बदलली की सरकार पडण्याच्या काठावर येतं, त्यामुळे प्रत्येक खासदाराला खूश ठेवण्याची किंमत मोठ्या देशाच्या मानाने कितीतरी जास्त.

डिसेंबर २००० मध्ये पंतप्रधान इओनाताना इओनाताना यांचं पदावर असताना निधन झालं. त्यानंतर २००४ च्या अखेरीपर्यंत फाइमालागा लुका, कोलोआ तालाके, साउफातू सोपोआंगा आणि माआतिया तोआफा असे चार पंतप्रधान झाले. लुका आणि सोपोआंगा अविश्वास ठरावाने गेले. सोपोआंगांनी २००४ मध्ये हरल्यावर खासदारकीचाच राजीनामा दिला. कारण एक जागा रिकामी असताना नवा पंतप्रधान निवडता येत नव्हता. पोटनिवडणूक होईपर्यंत संसद अडून राहिली.

२०१३ मध्ये हीच युक्ती पुढच्या टोकाला गेली. पोटनिवडणूक लांबवली गेली, न्यायालयाला आदेश द्यावा लागला. पंतप्रधान विली तेलावी यांचं बहुमत गेलं तरी अविश्वास ठराव सभागृहात येऊ दिला जात नव्हता, आणि मग एका मंत्र्याने राजीनामा देऊन आणखी एक जागा रिकामी केली. शेवटी गव्हर्नर जनरल (ब्रिटनच्या राणीचे तिथले प्रतिनिधी) इआकोबा इतालेली यांनी १ ऑगस्टला तेलावींना पदावरून दूर केलं. तेलावी तिकडे राणीकडे गव्हर्नर जनरलनाच हटवण्याची मागणी करत होते. ४ ऑगस्टला एनेले सोपोआगा पंतप्रधान म्हणून निवडले गेले.

संविधानातली साधी वाटणारी ओळ ('सर्व जागा भरलेल्या असाव्यात', 'पोटनिवडणूक मंत्र्यांच्या सूचनेवर') पंधरा-सोळा जणांच्या सभागृहात शस्त्र बनते. ५४३ जणांच्या लोकसभेत एक जागा रिकामी राहिली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. छोट्या देशाचं संविधान तपासताना मोठ्या तत्त्वांच्या आधी मुदती पाहाव्यात: जागा रिकामी झाल्यापासून किती दिवसांत निवडणूक, अविश्वासाची नोटीस दिल्यापासून किती दिवसांत बैठक, आणि ती बोलावणारा कोण. या तीन ठिकाणी 'शक्य तितक्या लवकर' असं लिहिलेलं असेल तर पुढचा पेच तिथेच आहे.

नाऊरूची गोष्ट वेगळी, पण तितकीच बोलकी. तिथे १८ जागा होत्या, म्हणजे सम संख्या. २०१० मध्ये एप्रिलला निवडणूक झाली, ९ विरुद्ध ९. जूनमध्ये पुन्हा निवडणूक, पुन्हा तिढा. सभापती ज्या गटाने द्यायचा त्याचं एक मत कमी होणार, म्हणून सभापती द्यायला कुणी सहजासहजी तयार नाही. देश महिनोन्महिने आणीबाणीत, काळजीवाहू सरकारवर. नोव्हेंबरमध्ये माजी अध्यक्ष लुडविग स्कॉटी सभापती झाले तेव्हा कोंडी फुटली. उपाय मात्र अगदी साधा निघाला: २०१३ च्या निवडणुकीपासून मेनेंग मतदारसंघाला एक जागा वाढवून एकूण १९ केल्या.

मतदानाची नाऊरूची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. १९७१ पासून मतदार सगळ्या उमेदवारांना क्रम देतो. पहिल्या पसंतीला १, दुसरीला १/२, तिसरीला १/३ असे गुण, आणि त्यांची बेरीज. घराण्याघराण्यांत विभागलेल्या मतदारसंघात दुसऱ्या कुळाकडून दुसरी-तिसरी पसंती मिळवणारा माणूस यात पुढे येतो, हा तिचा गुण मला महत्त्वाचा वाटतो.

वेळूवन

दोघांचेही मनापासून आभार. अ-ब खात्याचं उदाहरण आणि मुदतींचा मुद्दा दोन्ही थेट वापरण्यासारखे आहेत. हिशेब तपासणीवर कुणी लिहील का? आणि मासेमारीच्या परवान्यांवर तुवालूचं निम्मं अंदाजपत्रक चालतं असं वाचलं, ते उत्पन्न भरवशाचं आहे का?

तिसरी_सही

हिशेब तपासणीबद्दल.

लेखापरीक्षणाचा पहिला नियम असा की वस्तू मागवणारा, ताब्यात घेणारा आणि पैसे देणारा ही तीन वेगळी माणसं हवीत. बेटावरच्या खात्यात कारकून धरून चार माणसं असतात, त्यातला एक फिजीला प्रशिक्षणाला, एक रजेवर. तिन्ही सह्या एकाच माणसाच्या होतात आणि त्यात त्याचा दोष नसतो.

डिझेलचं उदाहरण घ्या, कारण वीजनिर्मिती अजून बरीचशी त्यावर असते आणि खर्चाची ती मोठी बाब असते. टँकर जहाज येतं, किनाऱ्यावरच्या टाकीत तेल उतरतं. उतरण्याआधी आणि नंतर मोजपट्टी बुडवून पातळी घ्यायची, तापमान घ्यायचं, टाकीच्या तक्त्यावरून लिटर काढायचे. बिल अनेकदा १५ अंश सेल्सिअसच्या प्रमाणित लिटरांत असतं आणि टाकीतलं तेल ३० अंशांवर. डिझेल दर अंशाला साधारण ०.०८३ टक्के फुगतं, म्हणजे १५ अंशांच्या फरकाला सव्वा टक्का. एक लाख प्रमाणित लिटर खरोखर उतरले असतील, तर टाकीत सुमारे १,०१,२५० लिटर दिसायला हवेत. मोजपट्टी बरोबर एक लाख दाखवत असेल तर 'हिशेब जुळला' म्हणून सही होते आणि बाराशेपन्नास लिटरचे पैसे उगाच जातात. वाईट हेतूची गरजच नाही, तापमानाचा रकाना रिकामा राहिला की पुरे. उपायही तेवढाच छोटा: पातळी घेताना दुसऱ्या खात्याचा माणूस, उदाहरणार्थ सीमाशुल्काचा, सोबत उभा करायचा आणि तापमान नसलेली पावती कोषागाराने परत पाठवायची.

'तीन दरपत्रकं मागवा' हा नियम तिथे नुसता कागदी होतो, कारण विकणारा एकच असतो. तिसरं दरपत्रक त्याच्याच मेहुण्याकडून येतं. त्यापेक्षा मागच्या खरेदीचा दर, फिजीच्या राजधानीतला, सुवातला घाऊक दर आणि भाडं असे तीन आकडे शेजारी लिहून फरकाचं कारण लेखी मागणं जास्त उपयोगी पडतं. हितसंबंधांचं तसंच. 'नातेवाईक असेल तर बाजूला व्हा' हा नियम अक्षरशः पाळला तर निविदा समितीचा कोरमच भरणार नाही. नातं जाहीर करून नोंदवहीत लिहायचं, आणि ठराविक रकमेच्या वर बाहेरच्या बेटाचा किंवा बाहेरच्या देशाचा एक सदस्य सक्तीचा करायचा, एवढंच पेलतं.

लेखापरीक्षकांची कमतरता भरून काढायचा एक चांगला प्रयोग पॅसिफिकमधल्या सर्वोच्च लेखापरीक्षण संस्थांच्या संघटनेने केला. किरिबाती, नाऊरू आणि तुवालू या तीन देशांचे लेखापरीक्षक एकत्र येऊन एकमेकांच्या सरकारी हिशेबांची तपासणी करू लागले. यातून दोन कामं होतात. हातांची संख्या वाढते, आणि तुवालूच्या सचिवाला प्रश्न विचारणारा माणूस किरिबातीचा असतो, त्याला रविवारी त्याच चर्चमध्ये त्या सचिवाशेजारी बसायचं नसतं. माझ्या लेखी हा दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

हेच न्यायाधीशांचं. नाऊरू आणि तुवालूचे वरिष्ठ न्यायाधीश बहुतेकदा बाहेरच्या देशांतून येतात. पण २०१४ च्या जानेवारीत नाऊरू सरकारने निवासी दंडाधिकारी पीटर लॉ यांना देशाबाहेर काढलं आणि मुख्य न्यायाधीश जेफ्री ईम्स यांचा व्हिसा रद्द केला. संविधानाने न्यायाधीशाला पदाचं संरक्षण दिलं होतं, व्हिसाला दिलं नव्हतं. १९७६ च्या करारानुसार नाऊरूतली काही अपिलं ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात (तिथलं ते सर्वोच्च न्यायालय) जात असत, तीही वाट २०१८ मध्ये बंद झाली आणि नाऊरूचं स्वतःचं अपील न्यायालय आलं. बाहेरच्या माणसावर विसंबणारी कुठलीही व्यवस्था लिहिताना त्याचा प्रवेश परवाना, पगार आणि घर कोण रोखू शकतं, हे आधी तपासा. संरक्षणाचं कलम त्याच्यानंतर वाचा.

मदतीबद्दल एक गोष्ट जाता जाता. प्रत्येक दात्याचा अर्ज, हिशेबाचा नमुना आणि वर्षअखेर वेगळी. भारताने २०१४ मध्ये पॅसिफिकमधल्या १४ देशांना दिलं जाणारं वार्षिक अनुदान सव्वा लाखावरून दोन लाख डॉलर केलं. मैत्री म्हणून ते मोलाचं आहे. पण अनुदान दोन लाखांचं असो वा दोन कोटींचं, कागद भरणारा अधिकारी तोच एक असतो. त्यामुळे लहान अनुदानांसाठी एकच अहवाल सगळ्या दात्यांनी मान्य करणं ही खरी मोठी मदत ठरेल.

काळी_नौका

मासेमारीचं उत्पन्न भरवशाचं आहे का? किमतीच्या बाजूने बऱ्यापैकी, माशांच्या बाजूने नाही.

तुवालूचं अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्या समुद्रातल्या मासेमारीवर त्याचाच हक्क आहे ते पाणी, सात लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे. पूर्वी प्रत्येक देश परदेशी जहाजांशी वेगळा सौदा करायचा आणि कंपन्या त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवायच्या. १९८२ च्या नाऊरू कराराने सात देश एकत्र आले, तुवालू नंतर आला आणि आठ झाले: मायक्रोनेशिया, किरिबाती, मार्शल बेटं, नाऊरू, पलाउ, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि तुवालू. पुढे त्यांनी 'जहाज-दिवस' विकायला सुरुवात केली. एकूण दिवसांची मर्यादा आधी ठरते, ती देशांत वाटली जाते, आणि जहाज त्या देशाच्या पाण्यात जितके दिवस मासेमारी करेल तितके दिवस त्याच्या खात्यातून वजा होतात. ५० मीटरपेक्षा लहान जहाजाचा दिवस अर्धा धरतात, ५० ते ८० मीटरचा एक, त्याहून मोठ्याचा दीड. दिवसाची किमान किंमत २०१२ च्या सुमारास ५,००० अमेरिकी डॉलर होती, नंतर ६,००० आणि २०१५ पासून ८,०००. प्रत्यक्षात सौदे याच्याही वर जातात. आठ देशांचं मिळून उत्पन्न २०१० मधल्या सुमारे ६ कोटी डॉलरवरून दशकभरात ५० कोटींच्या घरात गेलं. जगातल्या लहान देशांनी एकत्र येऊन भाव ठरवल्याचं इतकं यशस्वी उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

अडतं कुठे? पहिली जागा 'मासेमारी नसलेला दिवस'. जहाज नुसतं पाण्यातून जात होतं, यंत्र बिघडलं होतं, असा दावा कंपनी करते आणि तो मान्य झाला की दिवस परत जमा होतो. उपग्रहावरून मिळणारा वेग आणि मार्ग, जहाजावरच्या निरीक्षकाची वही आणि कंपनीचा दावा हे तिन्ही जुळवायला माणूस लागतो. तो नसेल तर दावे आपोआप मान्य होत जातात. या विभागात एक जास्तीचा कर्मचारी नेमणं ही मला तुवालूची सगळ्यात फायदेशीर गुंतवणूक वाटते.

दुसरी जागा हवामान. एल निन्योच्या वर्षी उबदार पाणी पूर्वेला सरकतं, त्यामागे स्किपजॅक ट्यूना जातो, आणि किरिबाती व तुवालूचे दिवस महागात विकले जातात. ला निन्यात मासा पश्चिमेला पापुआ न्यू गिनीकडे. देश एकमेकांना दिवस हस्तांतरित करू शकतात, त्याने धक्का थोडा कमी होतो. पण दिवस बहुतांशी त्या वर्षापुरताच असतो. नोव्हेंबरात न विकलेले दिवस उरले की गिऱ्हाईक भाव पाडतं. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला मोठा हिस्सा आगाऊ विकायचा आणि थोडाच मागे ठेवायचा. यात एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर भिस्त ठेवण्याचाही धोका असतो. २०१६ च्या सुरुवातीला अमेरिकन ताफ्याने आधी ठरलेल्या दिवसांचे पैसे भरले नाहीत, परवाने थांबले आणि अनेक आठवडे तो महसूल अधांतरी राहिला.

@जमाखर्च, तुमच्या मुद्द्याला एक जोड देतो. चांगल्या वर्षातला फुगवटा पगारात जिरतो हे निधीपेक्षा मासेमारीच्या पैशाला जास्त लागू आहे, कारण निधीला अ खात्याचा उंबरठा आहे, जहाज-दिवसांना कसलाच नाही. मागच्या काही वर्षांच्या सरासरीएवढीच रक्कम अंदाजपत्रकात धरायची आणि वरची सगळी ब खात्यात टाकायची, असा नियम कायद्यात हवा. डॉट टीव्ही हा तुवालूच्या वाट्याचा इंटरनेट पत्ता, तो वापरायला देऊन मिळणारं उत्पन्न त्या मानाने स्थिर आहे. २०२१ अखेरीस ठरलेल्या नव्या कंत्राटात ते वर्षाला सुमारे एक कोटी अमेरिकी डॉलर असल्याचं प्रसिद्ध झालं होतं.

वेळूवन

फार उपयोगी. एक शेवटचं: ऑस्ट्रेलियाबरोबरच्या नव्या करारामुळे दर वर्षी तुवालूच्या २८० जणांना तिकडे जाता येणार आहे. हवामान संकटावरचा दिलासा म्हणून त्याचं कौतुक होतं, पण मग सरकार चालवायला उरणार कोण?

तिसरी_सही

हा फालेपिली युनियन करार नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला आणि २८ ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे. पहिली सोडत २०२५ च्या मध्यात झाली आणि कुटुंबीय धरून ८,७५० जणांची नावं आली, म्हणजे देशातल्या दर पाचांपैकी जवळजवळ चार जण. निवड चिठ्ठ्यांनी होते, नोकरीची किंवा शिक्षणाची अट नाही. मिळणारा परवाना कायमच्या वास्तव्याचा, आणि मायदेशी ये-जा करता येते.

अकरा हजारांत २८० म्हणजे वर्षाला अडीच टक्के. लोकसंख्येच्या पातळीवर हे झेपणारं वाटतं, खात्याच्या पातळीवर वेगळंच दिसतं. चार माणसांचं एखादं खातं घ्या. प्रत्येकाची जाण्याची शक्यता वर्षाला अडीच टक्के धरली, तर पाच वर्षांत किमान एक जण गेलेला असण्याची शक्यता जवळपास चाळीस टक्के येते. कमावत्या वयाच्या लोकांची शक्यता सरासरीपेक्षा जास्त असणार, म्हणजे खरा आकडा याच्याही वर. चिठ्ठी असल्यामुळे कोण जाणार हे आधी कळत नाही, आणि रुग्णालयातल्या परिचारिकेच्या किंवा वीजकेंद्रातल्या तंत्रज्ञाच्या जागी नवं माणूस तयार व्हायला तीनेक वर्षं लागतात.

त्यामुळे तिथल्या मनुष्यबळ योजनेत रिक्त पदं मोजून भागणार नाही. ज्या पदाचं काम देशात एकालाच येतं अशा पदांची यादी आधी हवी: हवामानशास्त्रज्ञ, मासेमारी परवान्यांची नोंद ठेवणारा, कोषागाराची संगणक प्रणाली सांभाळणारा, विमानतळावरचा अग्निशमन प्रमुख. अशा प्रत्येक पदामागे फिजीतल्या साउथ पॅसिफिक विद्यापीठात एक विद्यार्थी कायम शिकत असायला हवा. शिष्यवृत्तीचे विषय अर्जांवरून ठरवण्यापेक्षा या यादीवरून ठरवले पाहिजेत. आणि निवड झालेल्याला निघण्याआधी कामाची लेखी पद्धत, पासवर्ड आणि पुरवठादारांची यादी सोपवायला निदान तीन महिने मिळावेत, अशी सवलत ऑस्ट्रेलियाकडून वाटाघाटीत मागता येईल. सोडतीत नाव आल्यापासून प्रत्यक्ष परवाना मिळेपर्यंत तसाही काही काळ जातोच. नाव लागलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला ते खात्याला त्याच आठवड्यात कळवायला सांगितलं आणि त्याबद्दल त्याची बढती किंवा रजा अडवली जाणार नाही याची हमी दिली, तर तो काळ हस्तांतरासाठी वापरता येईल.